झोपूनही न उतरणारा शीण

मटार सोलायला बसलेली माझी मावशी अर्धी वाटी दाणे झाल्यावर थांबली. ताट बाजूला सरकवून तिनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. केमोचा दुसरा डोस होऊन चार दिवस झाले होते. आदल्या रात्री ती दहा तास झोपली होती, दुपारीही पडून होती. उलटी नव्हती, ताप नव्हता, दुखत कुठेच नव्हतं. आईनं विचारलं, "कंटाळलीस का गं?" मावशी म्हणाली, "कंटाळा नाही गं. हात उचलायचा म्हटलं, तर आत उचलणारं कुणी उरलंच नाहीये."

तीस वर्षं शाळेत उभ्यानं शिकवलेली ही बाई. तिच्या स्तनातली गाठ लिंबाएवढी होती आणि ऑपरेशन करून तीही दीड महिन्यापूर्वी काढलेली होती. मग मटाराच्या शेंगेपुढे तिला हरवणारं असं अंगात काय उरलं होतं?

भातलावणी करून आलेल्या बाईला शीण येतो, पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यालाही येतो. तो रात्रीच्या झोपेनं उतरतो, म्हणून तर आपण 'शीण उतरला' असं म्हणतो. कॅन्सरचा थकवा झोपेनं उतरत नाही आणि केलेल्या कामाच्या प्रमाणातही येत नाही. आंघोळ करून, केस विंचरून बाहेर येईपर्यंत माणूस गळून जातो. वैद्यकशास्त्र हा थकवा ओळखतं तो याच दोन खुणांवरून. कॅन्सरच्या उपचारांत सर्वाधिक आढळणाऱ्या तक्रारींमध्ये त्याचा नंबर फार वरचा आहे. तरीही दवाखान्यात त्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं, कारण 'दमले' ही काय डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, असं रुग्णाला वाटतं आणि घरच्यांनाही. मावशीलाही तसंच वाटत होतं.

लस घेतली त्या रात्री

या थकव्याची थोडीशी चव आपण बहुतेकांनी घेतलेली आहे. २०२१ साली करोनाची लस घेतल्यानंतरची ती रात्र आठवून पाहा. अंग मोडून आलेलं, जेवणावरची वासना उडालेली, कुणी बोलू नये, दिवा मालवावा, पांघरूण ओढून पडून राहावं असं वाटत होतं. कोविशील्ड असो की कोव्हॅक्सिन, त्या इंजेक्शनात करोनाचा आजार घडवू शकेल असा विषाणू नव्हता. आपल्याला आडवं पाडलं ते आपल्याच शरीरानं.

ते असं घडतं. प्रतिकारशक्तीच्या पेशींना काही परकं दिसलं की त्या रक्तात काही प्रथिनं सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. ही प्रथिनं म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. पूर्वी गावात दवंडी पिटली की ज्याच्या-त्याच्या कानावर जायची आणि जो-तो आपापल्या कामाला लागायचा, तसंच इथे होतं. यकृत वेगळी प्रथिनं बनवू लागतं, अस्थिमज्जा पांढऱ्या पेशी वाढवते, अंगाचं तापमान चढतं. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ ही या निरोप्यांतली तीन मोठी नावं. दवंडी मेंदूपर्यंत पोचली की मेंदू हुकूम काढतो: पडून राहा, खाऊ नकोस, कुणात मिसळू नकोस.

अमेरिकेतले पशुवैद्यकीय शास्त्रज्ञ बेंजामिन हार्ट यांनी १९८८ साली या वागण्याचा अर्थ उलगडून दाखवला. आजारी जनावर कळपापासून दूर कोपऱ्यात बसतं, चारा सोडतं, अंग चाटणंही थांबवतं. आपण समजतो, बिचारं अशक्त झालं. हार्ट यांचं म्हणणं होतं की ही अशक्तपणातून आलेली हतबलता नसून लढाईची पद्धत आहे. ताप चढवायला खूप ऊर्जा लागते. ती चरण्या-भटकण्यात वाया जाऊ नये, म्हणून मेंदूच जनावराला बसवून ठेवतो.

ही व्यवस्था तीन-चार दिवसांच्या दुखण्यासाठी घडलेली आहे. जंतू हरले की दवंडी थांबते आणि माणूस उठून बसतो. कॅन्सरमध्ये ती थांबत नाही. हेरॉल्ड ड्वोराक या अमेरिकी डॉक्टरांनी १९८६ साली कॅन्सरच्या गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं होतं. जखम भरताना शरीर जी दुरुस्तीची यंत्रणा उभी करतं, तीच गाठीभोवती उभी राहते, पण तिथलं काम कधी संपतच नाही. महिनोन्‌महिने निरोप सुटत राहतात आणि मेंदू तोच हुकूम देत राहतो. मावशीची गाठ तर काढलेली होती. तिच्या अंगात दवंडी पिटत होते ते उपचार. त्याकडे थोड्या वेळानं येऊ.

निरोप मेंदूत शिरतो कसा?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांना कडक पहारा असतो. रक्तातली प्रत्येक गोष्ट आत जाऊ शकत नाही आणि सायटोकाइनचे रेणू तर आकारानं मोठे असतात. तरीही निरोप आत पोचतो, आणि तो एकापेक्षा जास्त वाटांनी. पोटाकडून, छातीकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नावाची लांब नस सायटोकाइनची चाहूल थेट मेंदूच्या बुडाशी नेऊन पोचवते. मेंदूत काही मोजक्या जागी पहारा ढिला असतो, तिथून काही निरोप आत जातात. शिवाय रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी बाहेरचा निरोप ऐकून आतल्या बाजूला स्वतःचं रसायन सोडतात. दारावरच्या रखवालदारानं चिठ्ठी स्वतः वाचून आत तोंडी सांगावी, तसा हा प्रकार.

आत गेल्यावर काय होतं, हे कळायला एका औषधाची मदत झाली. इंटरफेरॉन-आल्फा हेही एक सायटोकाइनच. काविळीच्या हेपॅटायटिस-सी या प्रकारावर आणि त्वचेच्या एका कॅन्सरवर ते अनेक वर्षं इंजेक्शननं दिलं जात होतं. ते सुरू केलेल्या पुष्कळ रुग्णांना काही दिवसांतच विलक्षण थकवा येऊ लागला आणि पुढे काहींना नैराश्यही आलं. मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा उमेद आणि प्रयत्न यांचा मेळ घालणाऱ्या भागातलं काम मंदावलेलं दिसलं. हा भाग डोपामिन या रसायनावर चालतो. एखादं काम करावं की नाही, त्यासाठी लागणारे कष्ट परवडतील का, याचा हिशेब तिथे होतो. सायटोकाइन हा हिशेबच बिघडवतात. शेंग तीच, बोटं तीच, पण मेंदू त्या कामाचा भाव इतका चढा लावतो की हात पुढे होत नाही.

मला ही माहिती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 'मनानं घेतलं तर होईल', 'जरा उत्साह दाखव', असं आपण रुग्णाला सांगतो. पण ज्या यंत्रणेतून उत्साह निर्माण होतो, तीच इथे दाबली गेलेली असते. मोडक्या पायानं धाव म्हणण्याइतकंच ते निर्दयी आहे, मग बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

सायटोकाइनच्या निरोपांनी अंगात पेटत राहणाऱ्या या सुजेचा दुसरा परिणाम स्मरणावर आणि एकाग्रतेवर होतो. ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही, गॅसवर ठेवलेलं दूध उतू जातं, वर्तमानपत्रातला एक परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. रुग्ण घाबरतात, त्यांना वेड लागेल की काय असं वाटू लागतं. बहुतेकांच्या बाबतीत हा मेंदूचाच थकवा असतो आणि तो हळूहळू कमी होतो.

'लाइट' छातीवर, मग पाय का जड?

रेडिएशनला आपल्याकडे रुग्ण 'लाइट' म्हणतात, जुनी माणसं 'शेक' म्हणतात. तोंडाच्या कॅन्सरसाठी आठवड्याचे पाच दिवस, असा हा लाइट सहा-सात आठवडे चालतो. पहिल्या आठवड्यात माणूस लोकलनं येऊन-जाऊन करतो आणि म्हणतो, यात काहीच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याला जिना जड जाऊ लागतो. शेवटी-शेवटी थकवा सर्वांत जास्त असतो आणि लाइट संपल्यावर काही आठवड्यांनी तो ओसरू लागतो. किरण पडतात ते वीतभर जागेवर, पण तिथे रोज मरणाऱ्या पेशी उचलायला जी सफाई सुरू होते, तिचे निरोप सगळ्या अंगात फिरतात. त्यात तोंड आलेलं असतं, गिळवत नाही. म्हणजे खर्च वाढलेला आणि आवक बंद.

केमोचा थकवा लाटेसारखा येतो. डोसनंतरचे काही दिवस सगळ्यांत वाईट, मग थोडा उतार, आणि पुढच्या डोसला पुन्हा चढ. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणं हे या औषधांचं काम. कॅन्सरच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या, केसांच्या मुळांतल्या पेशीही त्यांच्या तडाख्यात सापडतात. काही औषधांचा मार आणखी खोल असतो. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध पेशींच्या आतल्या मायटोकाँड्रियांना इजा करतं. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतल्या चुली. अन्न आणि प्राणवायू यांपासून ऊर्जा तयार होते ती तिथे. चुलीच विझायला लागल्या तर धान्य भरलेलं असूनही घर उपाशी राहणार.

मळमळ होऊ नये म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्यामुळे पहिले दोन दिवस रुग्ण तरतरीत असतो, रात्री झोपत नाही, कपाट आवरायला काढतो. ते थांबलं की एकदम कोसळतो. तेच स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे घ्यावं लागलं तर मांड्यांचे स्नायू झिजतात. जेवायला खाली बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येईना, तर ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी.

ग्रंथींचंही असंच. मानेवर लाइट घेतलेल्यांची थायरॉइड ग्रंथी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी मंदावू शकते. इम्युनोथेरपी ही नवी औषधं थायरॉइडबरोबर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनाही बाधा करू शकतात. स्तनाच्या कॅन्सरवरच्या हार्मोन-गोळ्यांनी रात्री-बेरात्री अंगातून वाफा निघतात आणि झोप तुटते. प्रोस्टेटवरच्या हार्मोन-उपचारांत पुरुषांचे स्नायू कमी होतात.

कोठाराला लागलेलं कुलूप

'रक्त कमी झालंय' हे थकव्याचं घराघरातलं स्पष्टीकरण, आणि ते पुष्कळदा खरं असतं. रक्तातल्या लाल पेशी हिमोग्लोबिनच्या बळावर प्राणवायू वाहून नेतात. लाल पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं, म्हणून अस्थिमज्जेला रोज नवी भरती करावी लागते. केमोनं मज्जा दबली की ही भरती थंडावते. आपल्याकडे तर आजाराआधीच खातं रिकामं असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. कॅन्सरचा उपचार सुरू होतो तो अशा शरीरावर.

पण घरोघरी पडणारं एक कोडं आहे. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, लोहाच्या गोळ्या सगळं चालू असतं आणि हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. याचं उत्तर या शतकाच्या सुरुवातीला सापडलेल्या हेपसिडिन नावाच्या संप्रेरकात आहे. जंतूंना वाढायला लोह लागतं. म्हणून शत्रू आल्याची वर्दी मिळताच शरीर लोहाच्या कोठाराला कुलूप घालतं. इंटरल्युकिन-६चा निरोप यकृताला मिळतो, यकृत हेपसिडिन सोडतं, आणि आतड्यातून रक्तात तसंच साठ्यातून बाहेर लोह नेणारी दारं बंद होतात. कोठार भरलेलं, पण मज्जेच्या हाती काही नाही. कॅन्सरमध्ये जंतू नसतात, तरी निरोप तोच असल्यामुळे कुलूप तेच लागतं. अशा वेळी गोळीतलं लोह आतड्याच्या दारातच अडतं. डॉक्टर शिरेतून लोह देतात किंवा रक्त चढवतात ते यामुळे. लाल पेशी वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनंही आहेत, पण रक्तात गुठळ्या होण्याचा आणि काही रुग्णांत आजार बळावण्याचा धोका दिसल्यानं ती फार जपून, मोजक्याच जणांना देतात.

हिमोग्लोबिन ठीक असूनही थकलेले असंख्य रुग्ण असतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. रिपोर्टवर '१२' दिसलं म्हणून थकवा खोटा ठरत नाही.

अर्धवट जळालेलं सरपण

१९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की कॅन्सरच्या पेशी साखर फार उधळपट्टीनं वापरतात. निरोगी पेशी ग्लुकोजचा एक रेणू प्राणवायूच्या मदतीनं पूर्ण जाळते आणि त्यातून एटीपी नावाची ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळवते. कॅन्सरच्या अनेक पेशी प्राणवायू हाताशी असूनही ग्लुकोज अर्धवटच वापरतात. त्यात त्यांना दोन नाणी मिळतात आणि उरलेला लॅक्टेट रक्तात फेकला जातो. चुलीतलं लाकूड नीट पेट घेण्याआधीच ओढून काढावं आणि दुसरं सारावं, तशातला प्रकार.

ही अर्धवट जळालेली लाकडं गोळा करतं यकृत. लॅक्टेटपासून ते पुन्हा ग्लुकोज बनवतं. हे चक्र उलगडणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ साली नोबेल मिळालं. पण एक ग्लुकोज परत घडवायला यकृताला सहा नाणी मोजावी लागतात. गाठीनं दोन कमावली, घरानं सहा भरली. दर फेरीला चार नाण्यांचा घाटा. आजार पसरलेला असेल तर ही गळती शरीराला जाणवते. गाठ लहान असताना किंवा काढल्यानंतर येणाऱ्या थकव्याचं खापर मात्र तिच्यावर फोडता येत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल कळकळीनं लिहावंसं वाटतं. 'कॅन्सर साखरेवर जगतो' हे वाक्य मोबाइलवर फिरत-फिरत घरात येतं आणि रुग्णाचा भात, पोळी, फळं बंद होतात. पेशींना ग्लुकोज लागतं हे खरं. पण आहारातून ते मिळालं नाही तर शरीर ते स्वतः तयार करतं, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायू मोडून काढतं. गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. मधुमेह असेल तर साखरेचं पथ्य पाळावंच. बाकीच्यांनी पोटभर जेवावं, आणि डाळ, अंडी, दूध, पनीर, मासे यांतलं जे सोसेल ते रोज ताटात घ्यावं.

कारण स्नायूंवर आधीच घाला पडलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ गाठ मारणारं रसायन शोधत होते, त्याला १९७५ साली टीएनएफ नाव मिळालं. त्याच शहरात दुसरी मंडळी जंतुसंसर्गानं ससे झिजत का जातात याचा शोध घेत होती, त्यांना कॅकेक्टिन सापडलं. १९८५ साली उघड झालं की ही दोन्ही एकच आहेत. गाठीशी लढायला सोडलेला निरोप्या स्नायूंनाही वितळवतो. सहा महिन्यांत, प्रयत्न न करता, पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर डॉक्टर या झिजेची शंका घेतात. साठ किलोच्या माणसात हा आकडा तीन किलोंचा होतो. कपडे सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, ही खूण घरच्यांना काट्याआधी दिसते. जीडीएफ-१५ हे आणखी एक प्रथिन मेंदूच्या बुडाशी जाऊन भूक मारतं. त्याला ओळखणारी मेंदूतली जागा २०१७ साली सापडली, आणि २०२४ साली त्याला अडवणाऱ्या औषधाच्या चाचणीत झिजलेल्या रुग्णांची वजनं वाढली.

आणि 'ताकदीचं सलाईन'? साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असतं, ऊर्जा शून्य. ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका पोळीएवढी ऊर्जा. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तर सलाईननं खरोखर बरं वाटतं. थकव्यावर ते औषध नव्हे.

दिवस-रात्र पुसट होतात

निरोगी माणसात कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटे चढतं आणि रात्री तळाला जातं. सकाळची तरतरी आणि रात्रीची झापड यांना हा चढ-उतार आधार देतो. अनेक रुग्णांत ही चढण सपाट होते. सकाळ रात्रीसारखी जड आणि रात्र दिवसासारखी टक्क. त्यात दिवसभर पडून राहिलं, खिडकीचे पडदे ओढलेले असले, तर मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खूणही मिळत नाही. सकाळी अर्धा तास अंगणात किंवा गॅलरीत बसणं या घड्याळासाठी फार मोलाचं आहे.

┌───────────────────────────┐
चौकट: थकव्याची दुरुस्त होऊ शकणारी कारणं
डॉक्टरांशी बोलताना यांतलं काय तपासायचं राहिलं आहे, ते विचारावं.
• हिमोग्लोबिन आणि शरीरातलं लोह
• थायरॉइडची टीएसएच तपासणी
• सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, रक्तातली साखर
• बी-१२ आणि डी जीवनसत्त्व. शाकाहारी घरांत बी-१२ विशेषतः
• न सांगितलेली वेदना
• तुटलेली झोप, घोरणं, रात्रीच्या वाफा
• नैराश्य: 'करावंसं वाटतं पण होत नाही' हा थकवा; 'काही करावंसंच वाटत नाही' असं असेल तर त्याचा वेगळा उपचार आहे
• चालू गोळ्या: झोपेच्या, वेदनेच्या, रक्तदाबाच्या, सोबतची काढे-चूर्णंही सांगावीत
└───────────────────────────┘

विश्रांती पुरत का नाही?

थकलेल्याला झोपू द्यावं हे आपल्या मायेचं पहिलं रूप. 'तू काही करू नकोस, पडून राहा.' मावशीच्या घरीही पाण्याचा पेला पलंगाशी यायचा. पण ज्या थकव्याचं मूळ कामात नाही, तो काम थांबवून जाणार कसा? उलट पडून राहण्याची स्वतंत्र किंमत मोजावी लागते. धडधाकट वयस्कर माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस पलंगावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू कमी झाले. हे तर निरोगी लोक होते. स्नायू घटले की तीच हालचाल जास्त जड वाटते, म्हणून माणूस आणखी पडून राहतो, म्हणून आणखी घटतात.

ही साखळी तोडायला सर्वांत भक्कम पुरावा आहे तो हालचालीचा. २०१७ साली ११३ अभ्यासांतले ११ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र विचारात घेऊन तपासणी झाली. व्यायाम आणि मानसिक उपचार या दोहोंनी थकवा कमी झाला. औषधी गोळ्या त्यांच्या जवळपासही आल्या नाहीत. कारण वरच्या सगळ्या कहाणीत दडलेलं आहे. चालताना स्नायू स्वतः असे निरोप सोडतात, जे सूज शमवतात. पेशींत नव्या चुली तयार होतात, रात्रीची झोप लागते, भूक थोडी उघडते.

व्यायाम म्हणजे जिम नव्हे. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग गॅलरी, मग सोसायटीचा फेरा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हा मांड्यांसाठी उत्तम व्यायाम. पुढे जमेल तेव्हा आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास भरभर चालणं, हे धोरण ठेवावं. ज्यांना योगासनांची सवय आहे त्यांना तीही उपयोगी पडतात. ताप असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार खाली असतील, धाप लागत असेल किंवा आजार हाडांत गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

दुसरी गोष्ट, ताकद पैशासारखी वापरायची. दिवसाचा कोणता वेळ बरा जातो ते ओळखून आवडीचं काम तेव्हा ठेवावं. आंघोळ स्टुलावर बसून, भाजी टेबलाशी बसून चिरायची, आणि बाकीचं काम घरातल्या दुसऱ्यानं करायचं. वाचलेली ताकद नातवाशी पत्ते खेळायला वापरली, तर ती सत्कारणी लागली असं मी म्हणेन.

तीस प्रश्नांपैकी तीन

कॅन्सरच्या उपचारात माणूस किती जगला हे पूर्वीपासून मोजतात. तो कसा जगला हे मोजायला युरोपातल्या संशोधकांनी तीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या अभ्यासांत ती मराठीतही वापरली गेली आहे. तीसपैकी तीन प्रश्न थकव्याचे: गेल्या आठवड्यात तुम्हाला विश्रांती घ्यावी लागली का, अशक्त वाटलं का, थकवा आला का? प्रश्न इतके साधे आहेत की विचारायचे राहून जातात. पण थकवा वाढला की बाकीच्या उत्तरांनाही उतरती कळा लागते: घरातली कामं, भेटीगाठी, मूड, नोकरी. हातावर पोट असलेल्या घरात तर थकवा थेट रोजावर येतो. काही जण केमोचे डोस अर्ध्यावर सोडतात, त्यामागेही हा न सांगितलेला थकवा असू शकतो.

मावशीचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं आणि बी-१२ खूप कमी. दोन्हींवर उपचार झाले, सकाळची गॅलरी सुरू झाली. थकवा लगेच गेला नाही. पुढे तिला दिलेला लाइट संपल्यावर सात-आठ महिन्यांनी ती एकटी भाजीला जाऊन आली. काही रुग्णांचा थकवा उपचार संपल्यावर वर्षानुवर्षंही टिकतो, आणि त्यांनाही तपासणीची आणि व्यायामाची तेवढीच गरज असते.

तुमच्या घरात कुणाचे उपचार चालू असतील तर आजपासून एक करा. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये दुधाचा हिशेब लिहितो, तसा रोज संध्याकाळी रुग्णाला विचारून एक आकडा लिहा: शून्य म्हणजे थकवा अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतला सर्वांत वाईट. चार किंवा त्याहून मोठा आकडा सलग काही दिवस दिसला, तर पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांसमोर ठेवा, त्यांनी विचारायची वाट न पाहता.